मातृभाषा मराठी नसलेल्या बायकांच्या मुलाखती टाईप करतेय, चुका सुधारायच्या की तशाच ठेवायच्या?

पेडलवाली:
नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मी घरून ट्रान्सक्रिप्शनचं काम करते, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकायचं आणि टाईप करून द्यायचं, मराठी आणि थोडंफार हिंदी. ऑडिओ पायाने मागेपुढे करायचं पेडल घेतलंय म्हणून घरातले म्हणतात आई पिको-फॉल करतेय. आत्तापर्यंत मीटिंगा, व्याख्यानं, कुणाच्या तरी आजोबांच्या आठवणी असलंच काम यायचं आणि त्यात डोकं लावायला लागायचं नाही.

यावेळी पीएचडी करणाऱ्या एका मुलीचं काम आलंय. सोलापूरच्या विडी कामगार बायकांच्या मुलाखती, १४ फाईली, सगळं मिळून ११ तासांच्या आसपास. बायका बहुतेक पद्मशाली समाजाच्या, घरात तेलुगू, बाहेर मराठी. मराठी बोलतात अगदी धडाधडा, कुठे अडत नाहीत, हसतात काय, चिडतात काय, पण लिंग-वचन सगळं इकडचं तिकडे. एक वाक्य देते, फाईल नंबर ६ मधलं, ऐकलं तसं:

"माझी सून सकाळी लवकर उठलं, पानं भिजवलं, मी दुपारपर्यंत पाचशे विड्या वळली, मग ते कार्ड घेऊन कारखान्याला गेलं."

मी पहिली फाईल अशीच टाईप करून पाठवली. त्या मुलीचा व्हॉट्सअ‍ॅप आला की ताई हे वाचायला फार विचित्र वाटतंय, बायका अडाणी वाटतायत, प्लीज व्याकरण ठीक करा. म्हटलं बरं. पुढच्या फाईली सुधारून दिल्या. वरचं वाक्य झालं "माझी सून सकाळी लवकर उठली, पानं भिजवली, मी दुपारपर्यंत पाचशे विड्या वळल्या, मग ते कार्ड घेऊन कारखान्यात गेले." छान दिसत होतं. ते तिच्या गाईडने बघितलं आणि विचारलं म्हणे की ह्या बाई सोलापूरच्या आहेत का सदाशिव पेठेतल्या. आता ती मुलगी म्हणते ताई तुम्हालाच अनुभव आहे, तुम्हीच ठरवा. कामाच्या सूचनेत एकच ओळ आहे, "शब्दशः पण वाचनीय". म्हणजे उपास पण करा आणि जेवून पण घ्या.

मध्ये एक फुकटचं एआय टूल पण लावून बघितलं. त्याने न सांगताच "उठलं"चं "उठली" करून टाकलं, आणि एका ठिकाणी बाई "येलाली" म्हणाल्या तिथे "ये लाली" लिहिलं. लाली कोण ते त्यालाच माहीत. मी तिथे (अस्पष्ट) लिहून पुढे गेले.

तर विचारायचं हे की तुम्ही काय करता? ह्या कामाचे पैसे ऑडिओच्या मिनिटावर असतात, साध्या ऑडिओला तासाला चार तास लागतात, ह्याला सात लागतायत, परत परत तेच करायची ताकद नाही.

ओसरी:
सुधारा की सरळ. वाचणाऱ्याला मजकुराशी मतलब. आपण कुणाच्या घरी गेलो आणि यजमानाची जीभ अडखळली तर आपण ते लोकांना सांगत फिरतो का? आणि मुलाखत पगाराबद्दल आहे, व्याकरणाबद्दल नाही.

रिटायर्ड_स्टेनो:
ओसरी, तुमचा हेतू चांगला आहे पण मी जिल्हा कोर्टात एकोणतीस वर्षं हेच काम केलं, आणि चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती सगळ्यात जास्त घातक असते हे डोळ्यांनी बघितलंय.

आमच्याकडे साक्षीदार बोलतो एक, आणि कागदावर उतरतं दुसरंच. परप्रांतीय हमाल पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो "तो मला धक्का दिला, मी पडला", आणि कागदावर येतं "सदर इसमाने मला ढकलून दिले त्यामुळे मी खाली पडलो". सगळे जाबजबाब एकाच माणसाने दिल्यासारखे वाचायला लागतात. एवढ्याने अर्थ बिघडत नाही म्हणून कुणी काही बोलत नाही. पण कायदा तेवढा ढिला नाही. जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, २७७ कलमात होतं की साक्षीदार दुसऱ्या भाषेत बोलत असेल तर जमत असल्यास त्याच भाषेत लिहून घ्यायचं, नाही जमलं तर खरं भाषांतर करून घ्यायचं, आणि २७८ मध्ये होतं की लिहिलेलं साक्षीदाराला वाचून दाखवायचं, त्याला काही चुकीचं वाटलं तर त्याची नोंद घ्यायची. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली तरी वाचून दाखवण्याचं गेलेलं नाही. हे वाचून दाखवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि सगळ्यात जास्त टाळाटाळ पण तिथेच होते.

अमेरिकेतल्या दोन गोष्टी सांगतो. तिथले लोक आपल्या बायकांसारखे परभाषिक नव्हते, त्यांची ती जन्माची बोली होती, पण कान कसा फसतो ते कळेल. लुइझियाना राज्यात एका आरोपीने पोलिसांना सांगितलं की मला वकील द्या, आणि वाक्याच्या शेवटी बोलीत "डॉग" म्हणाला, म्हणजे आपण "दे ना यार" म्हणतो त्यातला यार. कागदावर स्वल्पविराम न देता "लॉयर डॉग" असं उतरलं. २०१७ मध्ये प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टाने ऐकायला नकार दिला, आणि एका न्यायमूर्तींनी वेगळं मत लिहिलं की आरोपीने "लॉयर डॉग" मागितला, म्हणजे वकील मागितला हे स्पष्ट होत नाही. वकील कुत्रा!

दुसरी फिलाडेल्फियाची. २०१९ मध्ये तिथल्या संशोधकांनी २७ कोर्ट रिपोर्टरांना, म्हणजे कोर्टातलं बोलणं शब्दशः उतरवणाऱ्यांना, काळ्या लोकांच्या बोलीतली वाक्यं ऐकवून टाईप करायला लावली. ही मंडळी ९५ टक्के अचूकतेची परीक्षा पास झालेली. पूर्ण वाक्य बरोबर उतरवायचं प्रमाण निघालं साठ टक्क्यांच्या आसपास. आणि चुका नुसत्या व्याकरणाच्या नव्हत्या, कुणी केलं, कधी केलं हेच बदललेलं.

म्हणून ताई, तुम्हाला माझं एकच सांगणं. सुधारलेल्या फाईली उघडा आणि बघा "कुणी केलं" कुठे बदललंय का. आणि स्वल्पविराम तपासा. मराठीत "नाही दिले पैसे" आणि "नाही, दिले पैसे" यात फक्त एक टिंब-शेपूट आहे.

ओसरी:
काका, वकील कुत्रा वाचून चहा नाकातून आला. पण इथे काही खटला चालू नाहीये हो.

पूर्वभाग:
मी सोलापूरचा, पूर्व भागातला, पद्मशाली. माझी आजी आणि आई दोघी विड्या वळायच्या. हा धागा बघून राहवलं नाही.

ताई, आधी एक सांगतो. तुम्ही दिलेलं ते वाक्य तुम्ही सुधारताना चुकवलंय. "ते कार्ड घेऊन कारखान्याला गेलं" यातलं "ते" म्हणजे सून! तुम्ही केलं "ते कार्ड घेऊन कारखान्यात गेले". आता कुठलाही मराठी माणूस हे वाचणार आणि त्याला वाटणार की बाईंचे मालक गेले, कारण मराठी बाई नवऱ्याला "ते" म्हणते. विड्या वळल्या सासूने, पानं भिजवली सुनेने, कारखान्यात रांगेला उभी राहिली सून, आणि तुमच्या फाईलमध्ये त्याचं श्रेय घरात झोपलेल्या माणसाला मिळालं. तेपण बायकांच्या कष्टावरच्या पीएचडीत.

हे असं का होतं ते सांगतो. तेलुगूत एकवचनात पुरुष एकीकडे आणि बाकी सगळं एकीकडे. पुरुष आला तर "वच्चाडु". सून आली, गाय आली, बस आली, तिघींना "वच्चिंदि". आता मराठीत आल्यावर आजीने काय केलं असेल, तर पुरुषाला "आला" ठेवलं आणि उरलेल्या सगळ्यांना "आलं" लावून टाकलं. "अक्का आलं, बस आलं, पाऊस आलं." लोक हसायचे. पण बघा, आजी कधी गोंधळली नाही, तिचा नियम पक्का होता. "विड्या वळली" पण तसंच. तेलुगूत क्रियापद काम करणाऱ्यामागे जातं, विड्या कितीपण असू देत. मराठीतच ते उलटं आहे, वळणारी मी आणि क्रियापद विड्यांच्या मागे धावतंय. आणि वरून "मी चहा प्यायले", "मी धडा शिकले" याला परत वेगळा न्याय. मी मराठी शाळेत शिकलो तरी दहावीपर्यंत मार खाल्लाय त्यावर.

आणि ते "येलाली", त्यात काहीच अस्पष्ट नाही ओ! ती तेलुगू पण नाही आणि चूक पण नाही. ते सोलापुरी आहे. "पोरगी येलाली", "काय करलालाव बे" असं इथला पिढ्यान्पिढ्याचा मराठी माणूस बोलतो. म्हणजे येतेय, काय करतोयस. तुम्ही पुण्यात बसून (अस्पष्ट) लिहिलंत.

एक अजून. उच्चार लिहू नका. एका लेखात आमच्या बायकांचं बोलणं छापलं होतं, "शाला", "काला", "बाला" असं, "ळ" म्हणता येत नाही हे दाखवायला. तेलुगूत "ळ" आहे! आमच्या आजीचा "ळ" कुणाही पुणेकराच्या तोडीचा होता. लिहिणाऱ्याने दुसऱ्या कुठल्या तरी परप्रांतीयाचा साचा आणून आम्हाला चिकटवला. आईला तो लेख वाचून दाखवला तर म्हणाली, मी असं कुठं बोलते रे, आणि त्यानंतर तिने कुणाला मुलाखत दिली नाही.

पेडलवाली:
अरे देवा. पूर्वभाग दादा, मी आत्ता फाईल उघडून बसले आणि पोटात गोळा आला. "ते गेले, ते बोलले, ते रांगेत थांबले" असं मी किती ठिकाणी केलंय. माझ्या डोक्यात "ते" म्हणजे नवराच, दुसरं काही आलंच नाही. मोजून सांगते.

मांडवीकाठ:
गोव्यातून. आमच्या कोंकणीत तरुण मुलीला "तें" म्हणतात, "तें चेडूं आयलें". मी पुण्यात होस्टेलला असताना रूममेटबद्दल "ते अजून आलं नाही" म्हणाले तर सगळ्या खोलीत बघायला लागल्या, काय यायचं राहिलंय म्हणून. आईशप्पथ.

तिसरा_मजला:
भाषाविज्ञानात एमए करतोय, म्हणून थोडं टेक्निकल, कंटाळा आला तर सोडून द्या.

पूर्वभाग यांनी आजीचा "नियम पक्का होता" म्हटलं ना, त्याला आमच्यात नाव आहे, इंटरलँग्वेज. लॅरी सेलिंकर याने १९७२ मध्ये हा शब्द रूढ केला. नवी भाषा शिकणारा माणूस जे बोलतो ती मोडकी मराठी नसते, तिला स्वतःचं व्याकरण असतं, थोडं मातृभाषेतून आलेलं, थोडं नव्या भाषेतून, थोडं त्याने स्वतः जमवलेलं. म्हणून एखादी गोष्ट एकदाच आली तर जीभ घसरली म्हणा, पण अख्ख्या ११ तासांत सुना "आलं"च म्हणून येत असतील तर तो डेटा आहे, तो पुसायचा नसतो.

आणि हे फक्त परक्यांचं नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये छापला, तो भाषाविज्ञानात जगभर शिकवतात. तिथे कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी घरं शेकडो वर्षं शेजारी, थोडी तेलुगूही, आणि सगळ्यांचं व्याकरण एकमेकांसारखं होत गेलं, शब्द तेवढे आपापले राहिले. सोलापूरलाही तेलुगू, कन्नड, मराठी, दख्खनी एकाच गल्लीत. तिथे "बरोबर मराठी" कुठली ते पुण्याहून ठरवणं जरा अवघडच.

आता कामाचं. ताई, एकाच मजकुरात दोन्ही बसवायला जाऊ नका. ईलान नावाचं सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्सच्या मॅक्स प्लांक संस्थेचं, फुकट आहे. त्यात एकाच ऑडिओखाली कितीही थर लावता येतात. वरच्या थरात ऐकलं तसं. खालच्या थरात तेच प्रमाण मराठीत, वाचणाऱ्यासाठी. शंका असेल तर तिसऱ्यात टीप, "ते = सून". ईलान शिकायचा कंटाळा असेल तर वर्डमध्ये दोन रकाने करा, तेही चालतं. सात तासांचे आठ होतील पण परत परत तेच करावं लागणार नाही. आणि जास्तीच्या तासाचे पैसे मागा, हा खरंच वेगळा प्रकार आहे कामाचा.

प्रत्येक चुकीपुढे कंसात (मूळ उच्चार तसाच) असं मात्र लिहू नका प्लीज. एका शोधनिबंधात पानभर ते बघितलं होतं, मास्तरांनी लाल पेनाने वही तपासल्यासारखं दिसत होतं.

अजून एक, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून. बोलणाऱ्याची मातृभाषा कुठली ते आधी विचारून घ्या, कारण कुठे सावध राहायचं ते त्यावर ठरतं. हिंदीवाला माणूस मराठीत "आपण" म्हणाला तर फार जपून. मी मुंबईत टॅक्सीवाल्यांच्या मुलाखती उतरवल्या होत्या, त्यात एक वाक्य होतं, "तेव्हा आपण भाडं नाही घेतलं". हे "आपण" म्हणजे हिंदीतलं आप का, मुंबईचं अपुन म्हणजे मी, का आपलं मराठी आपण, तुम्ही-आम्ही मिळून? तिन्ही बसतं. मी तिसऱ्या थरात प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं आणि मुलाखत घेणाऱ्याला फोन केला. काल आणि उद्याचं पण तसंच, हिंदीत दोन्हीला कल, त्यामुळे "काल येणार" ऐकून घाईने उद्या करू नका, आधी मागचं पुढचं ऐका. तेलुगूवाल्यांचं मला माहीत नाही, पूर्वभाग सांगतील.

पूर्वभाग:
"आपण"वर आमच्या बायकांचा डोळे झाकून विश्वास ठेवा. तेलुगूत "मेमु" म्हणजे आम्ही, तुला सोडून, आणि "मनमु" म्हणजे आपण, तुला धरून. मराठीसारखंच. आजी सगळं चुकायची पण हे कधी नाही. कारखान्यात विड्या तपासून घेणाऱ्या चेकरशी भांडताना "आम्ही" आणि घरी येऊन "आपण".

डेस्कवरून:
मी पेपरात उपसंपादक आहे. इथे सगळे "तसंच ठेवा" म्हणतायत तर थोडं विरुद्ध बोलतो.

संशोधकाच्या फाईलमध्ये ठेवा काय ठेवायचं ते. पण छापताना? आमच्याकडे मंत्री बोलतो तेव्हा त्याची वाक्यं अर्धवट, कर्ता एकीकडे क्रियापद दुसरीकडे, आणि डेस्कवर आम्ही ती गपचूप नीट करतो, कुणालाही कळत नाही. मग विडी कामगार बाईने काय घोडं मारलंय? तिचंच तेवढं "वळली" जसंच्या तसं छापायचं आणि मंत्र्याचं गुळगुळीत, हा कुठला प्रामाणिकपणा? एकतर दोघांचं सुधारा नाहीतर दोघांचं ठेवा.

मी स्वतः छापताना सौम्यपणे सुधारतो, क्रियापदाचं लिंग-वचन ठीक करतो, शब्द तिचेच ठेवतो. "कारखान्याला गेलं" असेल तर "कारखान्याला गेली" करतो, "कारखान्यात" नाही करत, आणि "कामावर रुजू झाली" तर मुळीच नाही. गोडवा शब्दांत असतो, प्रत्ययात कमी असतो, असं आपलं माझं मत. शुद्धलेखनाचे नियम डोक्यावर नाचवणाऱ्यांना एक आठवण करून देतो की मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच सवलत आहे. पात्राच्या तोंडी असेल तर बोलण्यातली रूपं चालतील असं त्यात म्हटलंय. कादंबरीतल्या पात्राला जे चालतं ते जिवंत माणसाला चालायला काय हरकत आहे.

ओसरी:
मी तेच म्हणत होतो की पहिल्यापासून 🙂

रिटायर्ड_स्टेनो:
तुम्ही "सरळ सुधारा" म्हणत होता. डेस्कवाले म्हणतात कुणाला सुधारतो तेही बघा. फरक आहे.

पेडलवाली:
दोन दिवस गायब होते, फाईल नंबर ६ परत पहिल्यापासून ऐकली. सांगते.

एक, "ते". एकूण २३ ठिकाणी आलंय. त्यातल्या १७ ठिकाणी सून किंवा जाऊ, ४ ठिकाणी कार्ड नाहीतर सूप असली वस्तू, आणि दोनच ठिकाणी खरोखर नवरा, आणि तिथे बाईंनी "ते" म्हणून पुढे "गेला, बोलला" असंच म्हटलंय! म्हणजे क्रियापदाकडे बघितलं असतं तर सगळं स्वच्छ कळत होतं. मी नेमकं क्रियापदच "सुधारलं" होतं. पूर्वभाग दादा, आजीचा नियम पक्का होता हे पटलं.

दोन, काकांचा स्वल्पविराम. मला वाटलं होतं असलं काही माझ्याकडे नसणार. ४१व्या मिनिटाला ती मुलगी विचारते, "मग त्या आठवड्याचे पैसे दिले नाहीत का त्यांनी?" आणि बाई म्हणतात, "नाही दिलं पैसे". मी टाईप केलं होतं "नाही दिले पैसे". म्हणजे बुडवले. आता पेडलने मागे नेऊन नेऊन सहा वेळा ऐकलं, "नाही"नंतर बारीकसा श्वास आहे, पंखा चालू आहे म्हणून पटकन कळत नाही. आणि पुढचं वाक्य आहे "त्यातनं किराणा भरलं". पैसे मिळालेच नसते तर किराणा कशातनं भरला असता? "नाही, दिलं पैसे" आहे ते. त्या मुलीने प्रकरणात लिहून पण टाकलंय की कारखान्याने आठवड्याचे पैसे बुडवले. तिला फोन केला, ती दोन मिनिटं काही बोललीच नाही.

तीन, हे मला कुणी सांगितलं नव्हतं पण डेस्कवाल्यांचं वाचून तपासलं आणि लाज वाटली. मुलाखत घेणारी मुलगी पुण्याची, इंग्लिश मीडियमची. ती काय बोलते तर "मग तुम्हाला ते, म्हणजे, असं फील होतं का की, आय मीन, ते पीएफचं वगैरे". पहिल्या फाईलीपासून मी तिचं लिहिलंय "तुम्हाला पीएफबद्दल काय वाटतं?" कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला. बाईंचं "उठलं" ठेवायचं का नाही यावर मी इथे येऊन रडतेय आणि तिचं "फील होतं" मी विचारपण न करता धुऊन इस्त्री करून ठेवलंय.

तर आता ठरलं ते असं. दोन रकाने, डावीकडे ऐकलं तसं, दोघींचं पण, तिच्या "आय मीन"सकट. उजवीकडे सौम्य सुधारलेलं, ते पण दोघींचं. उच्चार लिहायचे नाहीत, "येलाली" मात्र दोन्हीकडे "येलाली"च, कारण ते मराठीच आहे. "ते" आलं की टीप. प्रबंधात कुठली वाक्यं कुठल्या रकान्यातून घ्यायची ते ती मुलगी ठरवेल, पण आधी सोलापूरला जाऊन बायकांना वाचून दाखवणार म्हणाली, काकांची आयडिया. जास्तीच्या तासाचे पैसे पण मागितले, अर्धे मिळाले.

तिसरा_मजला:
अर्धे मिळाले म्हणजे जिंकलात. ईलानची फाईल करायची असेल तर मेसेज करा, रविवारी बसून दाखवतो.

पूर्वभाग:
वाचून दाखवायला जाणार असाल तर दुपारी बारा ते चार जाऊ नका, तेव्हा हात चालू असतात, सूप मांडीवर असतं, कुणी धड ऐकणार नाही. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहणाऱ्या असतील तर संध्याकाळी जा, माल देऊन आलेल्या असतात. आणि तेलुगू येणारं कुणीतरी सोबत न्या. नाहीतर मराठीत वाचून दाखवाल आणि त्या मान डोलवून "बराबर हाय, बराबर हाय" म्हणतील, चहा करतील, आणि तुम्हाला वाटेल पास झालो.

पेडलवाली:
कुणी आहे का ओळखीचं?

पूर्वभाग:
आई आहे. विचारतो. ती आधी म्हणेल नाही. मग विचारेल "ळ" नीट लिहिलंय का.